शेणाचं कोर्ट आणि लाल रेघा

आमच्या घरी चुलीमागच्या फळीवर पाण्याची चार भांडी असायची. तांब्या, कळशी, घागर आणि हंडा. हंडा आईचा, घागर माझी, कळशी धाकट्या काशीची. तांब्याला त्या वेळी कोणी मालक नव्हतं, कारण काशीच्या पाठीवरचं पोर जगलं नाही. कोणतं भांडं कोणाचं हे आमच्याकडे वयावरून ठरत नसे. आईचा एकच नियम होता. भरलेलं भांडं दुसऱ्याचा हात न लागता आपलं आपण उचलून डोईवर घेता आलं, की ते आपलं. कोणाला चढवून द्यावं लागलं तर ते अजून आपलं नाही, गुमान खालचं भांडं घ्यायचं. शेजारच्या बाया आपल्या पोरींना लवकर मोठी भांडी देत आणि वर मिरवत. 'माजी पोर आठव्या वर्षी घागर आनते,' असं कोणी म्हटलं की आई विचारायची, 'आनते गो, पन मान कुनाची जाते?' मला घागर मिळाली त्या दिवशी तिनं तांदळाच्या भाकरीवर सुकटीची चटणी नेहमीपेक्षा जरा जास्त वाढली. आमच्या घरात कौतुक म्हणजे एवढंच.

हा नियम मी मोडला. आई तापानं पडली होती, पाणी मला आणि काशीला भरायचं होतं, आणि नदीवरून घरापर्यंतचा चढ मला चार वेळा चढायचा नव्हता. मी आईचा हंडा घेतला आणि माझी घागर काशीच्या डोक्यावर चढवली. ती सात वर्षांची होती. 'जड हाय गो चांगू,' ती म्हणाली. मी म्हणाले, 'चाल. बोलशील तर अजून जड होईल.' वरच्या बांधाशी तिचा पाय घसरला. घागर पुढे पडली नाही, मागे ओढत गेली, आणि तिची मान घेऊन गेली. हाडवैद्यानं दोन आठवडे तेल चोळलं. मान उजव्या खांद्याकडे कलली ती कललीच. आईनं मला मारलं नाही. बा मारायला उठला तेव्हा ती म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या. हिला मारून तिची मान सरळ होनार हाय का?' मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

आमच्या गावापासून दोन हाकांवर नदीवर धरणाचं काम चालू होतं. त्या कामावरच्या साहेबलोकांची कॉलनी डोंगराच्या पायथ्याशी वसवली होती. दुपारी सुरुंगाचा भोंगा व्हायचा, मग डोंगर हलायचा, फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची आणि आई न बघता म्हणायची, 'झाला.' कॉलनीत साहेबांचा क्लब होता आणि क्लबमागे टेनिसचं कोर्ट. आता कोर्टं निळी, हिरवी, रंगाची असतात. ते मातीचं होतं, आणि माती उडू नये, चेंडू सारखा उडावा म्हणून त्याला शेणाचं सारवण लागायचं. पाऊस गेला की पहिलं जाड सारवण, पुढे दर बुधवारी पातळ हात, आणि मधेच कुठे उखडलं तर डागडुजी. साहेबांच्या शिपायानं गावात विचारलं, चांगलं सारवतं कोण? गावानं आईचं नाव सांगितलं. चौथी होऊन माझी शाळा सुटलीच होती. आई, मी, आणि शेणाची पाटी सांभाळायला काशी, अशा तिघी जाऊ लागलो.

दोघींनी शेजारी उकिडवं बसायचं आणि मागे सरकत जायचं. हात कोपरातून फिरवायचा, मनगटातून नाही, नाहीतर सारवणाला लाटा येतात. तेवढं मोठं अंगण मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याची लांबी फुटांत मला आजही सांगता येणार नाही, पण कुठे मुरूम वर आला आहे, कुठे खाली पाणी धरतं, कुठे चेंडू बसतो आणि उठत नाही, हे मला हाताला माहीत होतं. साहेब तिथे कैक वर्षं खेळले. त्यांना ते पायाला माहीत झालं असेल, मला बोटांना होतं. सारवण सुकलं की मार्कर चुन्याच्या रेघा ओढायचा. कोर्ट सांभाळतो, साहेबांना खेळवतो आणि पोरांना शिकवतो त्याला मार्कर म्हणत. आमचा मार्कर मुंबईतल्या कुठल्याशा जिमखान्यावरून आलेला, सुक्या बोंबलासारखा बारीक माणूस. बुटांना रोज खडू फासायचा. खेळ त्याला उत्तम यायचा. शिकवणं अजिबात यायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे खूप शिकलेल्या माणसांनाही कळत नाही, त्याला कुठून कळणार.

दुपारी चार ते पाच पोरांचा तास असायचा. चार पोरं यायची. त्यातली बेबी मोठ्या साहेबांची मुलगी, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिच्या हातात मार्कर लाकडी रॅकेट द्यायचा, साहेब खेळायचे तीच. उभी धरली तर तिच्या बरगड्यांपर्यंत यायची. मग तो पलीकडच्या टोकाला जाऊन चेंडू मारायचा. चेंडू टप्पा घेऊन बेबीच्या डोक्यावरून मागच्या तारेच्या कुंपणावर जायचा. ती रॅकेट फिरवायची म्हणजे रॅकेट तिला फिरवायची. मार्कर ओरडायचा, 'आँख किधर है? चेंडू देख, चेंडू!' पोरगी चेंडूच बघत होती. तो तिच्यासाठी येतच नव्हता, तर बघून काय उपयोग? आम्ही त्या वेळी कडेची डागडुजी करत असू, आणि तारेकडे गेलेले चेंडू मी आणून द्यायची. दिवसभरात तो एकच तास असा होता की माझ्या हातात शेण, विळा किंवा घागर नसायची. एक गोल, केसाळ, गरम वस्तू असायची, जिचा काहीच उपयोग नव्हता. मला तो तास हवा होता. कारण म्हणून एवढं पुरे.

एका बुधवारी बेबी आली ती उजवा हात पोटाशी धरून. शिपायानं तिला दुधाचा पेला दिला तर तिनं डाव्या हातानं घेतला. काशी पाटीजवळ बसली होती. ती मला हळूच म्हणाली, 'हिचा खांदा गेला बघ.' काशीला ते लगेच दिसलं. दुखणारा अवयव माणूस कसा सांभाळतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

मी उठून मार्करकडे गेले. म्हणाले, 'तुमी तिला घागर दिली. तिचं भांडं कळशी हाय.'

'क्या?'

'हे भांडं तिला आपलं आपन उचलत नाय. तुमी हातात देता, तेव्हा तिच्या हातात जातं. म्हंजे ते तिचं नाय.'

मार्कर इतका हसला की त्याला ठसका लागला. व्हरांड्यातल्या शिपायाला म्हणाला, 'सुना क्या? आता गोबरवाली मला टेनिस शिकवनार!' आई लांबून ओरडली, 'चांगुणे, हात चालव!'

त्याच आठवड्यात बेबीची आई क्लबवर आली. मुलं रोज रडत घरी येतात, एकाचा हात, एकाचं मनगट, हा तास महिनाअखेर बंद करा, असं तिनं सांगितलं. मार्करला त्याचं काही नव्हतं. 'ये बडे लोगों का खेल है,' तो म्हणाला. पण बेबी तारेला धरून उभी राहिली आणि हलेना. ती हाताला लागलं म्हणून रडत नव्हती. 'माझ्याकडे चेंडू आलाच नाही,' असं म्हणून रडत होती. मी मार्करला विचारलं, 'म्हयना संपायला बारा दिस हायत. तेवढे मला द्या. चार वाजता ऊन असतं, तुमी चिंचेखाली झोपा.' झोपेचं ऐकल्यावर त्यानं मला नीट पाहिलं. 'रॅकेट तोडी तो?' म्हणाला. मी म्हणाले, 'रॅकेटला हात पन लावनार नाय.'

आणि नाही लावला. पहिले दोन दिवस मी पोरांना काहीच दिलं नाही. चिंध्यांचा चेंडू केला, जमिनीवर समोरासमोर बसवलं, आणि लोळवायचा, दोन हातांनी अडवायचा. मग उभ्यानं फेकायचा, झेलायचा. तो तांब्या. साहेबांची पोरं पहिल्यांदा नाक मुरडून बसली, 'हे टेनिस नाहीये.' मी म्हणाले, 'नाय तर नाय. पन तुला हाच झेलता येत नाय, तर त्याला काय म्हनायचं ते तू सांग.' तिसऱ्या दिवशी घरून आमचं धोपाटणं आणलं, कपडे धोपटायची लाकडी फळी. आखूड दांडा, रुंद तोंड, हलकी. आणखी तीन सुताराकडे पडलेल्या तुकड्यांतून करून घेतली. चेंडूंचं काय करावं हा खरा प्रश्न होता, कारण चिंध्यांचा चेंडू टप्पा खात नाही आणि साहेबांचा चेंडू पोरांच्या डोक्यावरून जातो. मग मी मार्करच्या टाकाऊ टोपलीतले टक्कल पडलेले चेंडू घेतले आणि पोती शिवायच्या दाभणानं एकेकाला भोक पाडलं. फुस्स झालं की चेंडू मवाळ व्हायचा. टप्पा बेबीच्या कमरेपर्यंत यायचा आणि तिथे जरासा थांबायचा, जणू तिचीच वाट बघतोय. शाळेत आता मऊ चेंडू येतात, पेटीतून, लेबल लावलेले. कोणत्या रंगाचा कोणत्या वयाला ते पेटीवर छापलेलं असतं. मी दाभणानं करत होते ते कारखान्यात करतात, एवढाच फरक.

उरली जागा. साहेबांच्या कोर्टावर बेबी म्हणजे मळ्यात चिमणी. मी कोर्टाच्या एका अर्ध्यात, आडवं, लहान कोर्ट आखलं. जाळीच्या जागी दोन खुर्च्यांना भारे बांधायची दोरी. आणि रेघा गेरूच्या, कारण चुना मार्करच्या कुलपात होता. इथे माझी चूक झाली. घराच्या भिंतीला गेरूचा पट्टा काढताना आम्ही त्यात भाताची पेज घालतो, म्हणजे वर्षभर हात लागला तरी रंग निघत नाही. माझ्या हाताला तीच सवय. आईनं सकाळी न्याहारीला केलेल्या पेजेतलं वरचं पाणी मी गेरूत ओतलं आणि रेघा ओढल्या. पेज घालू नये, या रेघा पुसायच्या आहेत, हे डोक्यात आलंच नाही. गेरू म्हटला की पेज. भाकरी थापताना पीठ घ्यावं की नाही याचा कोणी विचार करतं का?

दहा दिवस पोरं त्या लाल चौकोनात खेळली. बुधवारचा सारवणाचा हात मी त्या रेघा चुकवून फिरवला. भोकाच्या चेंडूचा आवाज वेगळाच व्हायचा, भिजलेल्या धोतरासारखा, थप, थप. मार्कर चिंचेखाली झोपायचा, किंवा झोपल्याचं दाखवायचा. चेंडू दोरीवरून तीन वेळा गेला, मग पाच, मग आठ. कोणी रडलं नाही. बेबी मधल्या वेळात माझी नाचणीची भाकरी खायची आणि मला बिस्कीट द्यायची. मला ते पीठ तोंडात चिकटायचं, आवडायचं नाही. मी ते काशीला द्यायची.

महिनाअखेरच्या रविवारी मुंबईहून कोणी वरचे साहेब आले आणि त्यांच्यासाठी सामना ठेवला. आदल्या दिवशी मार्करनं लाल रेघा पाहिल्या, म्हणजे इतके दिवस पाहत होता, त्या दिवशी त्याला त्या दिसल्या. ओलं गोणपाट घेऊन घासायला बसला. गेरू निघेना. माझ्याकडे बघून म्हणाला, 'क्या डाला इसमें?' मी म्हणाले, 'पेज.' त्यानं कपाळावर हात मारला. वरून नवं सारवण घालावं तर ते सकाळपर्यंत सुकणार नव्हतं. सामना तसाच झाला, पांढऱ्या रेघांत लाल रेघा.

सामन्याच्या मध्यावर चेंडू लाल रेघेबाहेर पडला. मुंबईचे साहेब तो बाहेर गेला असं समजून सोडून उभे राहिले. तो पांढऱ्या रेघेच्या आत होता. त्यांचा गुण गेला. कडेला बसलेल्यांपैकी कोणीतरी खिदळलं, आणि वरचे साहेब लालबुंद झाले. 'ही रेघ कसली? हे कोर्ट आहे का सागरगोट्यांचं अंगण?' मोठ्या साहेबांनी मार्करकडे पाहिलं. मार्करनं सकाळच्या डागडुजीनंतर तारेबाहेर थांबलेल्या आईकडे बोट केलं. 'ये गोबरवाली का काम है साब.'

'उद्यापासून या बाईला बोलावू नका,' मोठे साहेब म्हणाले. 'आणि मुलांचा तासही आजपासून बंद.'

आईनं हात पुसले. तिनं पाटी उचलली. काशीनं उजव्या खांद्यावर कललेली मान तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तारेच्या दारातून आत गेले, अनवाणी. सामन्याच्या वेळी आत जायचं नसतं हे मला माहीत होतं. 'आईनं नाय काढल्या. मी काढल्या,' मी म्हणाले.

'कशाला?'

'बेबीच्या मापाचं कोर्ट नव्हतं म्हनून.'

'टेनिसचं कोर्ट एकाच मापाचं असतं, मुली.'

'हंडा पन एकाच मापाचा असतो साहेब. म्हनून आमी बारक्या पोरीच्या डोईवर हंडा ठेवत नाय. मी एकदा घागर ठेवली.' मी तारेबाहेर काशीकडे हात केला. 'ती माजी बहीन. तिची मान बघा. बेबीचा खांदा तसाच गेला असता. शिपायाला इचारा, ती दूध कुठच्या हातानं पीत होती.'

काशीनं मान खाली घातली, म्हणजे तिची मान जेवढी खाली जायची तेवढी. त्या वेळी मला वाटलं मी फार नेटानं बोलले. साहेबलोकांसमोर तिला बोटानं दाखवलं, तिला न विचारता, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

तेवढ्यात बेबी व्हरांड्यातून धोपाटणं घेऊन धावत आली आणि लाल रेघेवर उभी राहिली. तिच्या मागून तिची आई, 'बेबी, इकडे ये!' बेबी म्हणाली, 'चांगू, टाक ना!' दोरी नव्हती. मी खाली बसून एका हातानं हात पुसायची चिंधी दोरीच्या उंचीवर धरली, कमरेला खोचलेला भोकाचा चेंडू दुसऱ्या हातानं टाकला, आणि तिनं मारलेला त्याच हातानं झेलून परत टाकू लागले. ती मोठ्यानं मोजत होती. एक. दोन. सहाव्याला चेंडू चिंधीला घासून गेला, पण गेला. दहा. बारा. ती चेंडूसाठी मागे सरकत होती, पुढे येत होती, पाय हलवत होती. हे मी तिला शिकवलं नव्हतं, चेंडू आवाक्यात आला की पाय आपोआप चालतात. सतरा. अठरा. आणि ती थांबली. चेंडू टप टप करत तिच्या पायाशी निजला.

'काय झालं?' मी विचारलं.

'अठराच्या पुढे काय?'

माझ्याही तोंडात होतं, पण त्या आधी मोठे साहेब म्हणाले, 'एकोणीस.' आणि मग पाहुण्यांना म्हणाले, 'चला, चहा घेऊ.'

एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. गोष्टीत असतं तसं कोणी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. तास चालू ठेवा असंही कोणी म्हणालं नाही. घरी जाताना आई वाटेत एकदाच बोलली, 'पेज वाया घालवलीस.' बुधवारी आम्ही शेणाची पाटी घेऊन गेलो, कारण बोलवू नका असं साहेबांनी मार्करला सांगितलं होतं, आम्हाला नाही, आणि मार्करनं काही निरोप धाडला नव्हता. कोणी परत पाठवलं नाही. चार वाजता चार पोरं आली, पाठोपाठ पाचवं. मार्कर जिथे झोपायचा तिथे करवत घेऊन बसला होता. तुटक्या तारांची एक जुनी रॅकेट त्यानं दांड्यापासून वीतभर कापली होती, तारा सांधल्या होत्या, टोक कानशीनं घासून गोल केलं होतं, आणि जुन्या बुटाच्या चामड्यानं मूठ गुंडाळली होती. माझ्यापुढे टाकून म्हणाला, 'ये ले. ये घागर. किसको देना है, कब देना है, तू देख. और रेघ फिकी झाली तर पेज डाल. जास्ती डाल.'

बेबीला ती कापलेली रॅकेट दिवाळीनंतर मिळाली. हात सरळ पुढे करून, कोणी न धरता, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि टोक खाली झुकलं नाही, त्या दिवशी. तिच्याहून दीड वर्षानं मोठ्या पोराला तिच्यानंतर मिळाली. त्याचा बाप भांडायला आला, 'माझा मुलगा मोठा आहे.' मी म्हणाले, 'मोठा हाय, पन त्याला उचलत नाय. उचलंल तेव्हा घ्या.' मी तिथे अजून तीन वर्षं होते. मग लग्न होऊन मुरबाडकडे, धसईला आले. निघायच्या आधी बेबी पूर्ण रॅकेटनं पूर्ण कोर्टावर खेळताना मी तारेबाहेरून पाहिली. तिला तांब्यापासून हंड्यापर्यंत मी नेलं. मी स्वतः त्या कोर्टावर एकदाही पूर्ण खेळले नाही. कोणी बोलावलं नाही, आणि मी मागितलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. ती तीन वर्षं काशी तारेबाहेर पाटीजवळ बसली होती. ती बेबीहून दोन वर्षांनी मोठी होती, पण लाल रेघेचंच माप होतं तिचं. तिची मान वाकडी होती, हात नव्हते वाकडे. मी तिच्या मानेवरून शिकले आणि साहेबाच्या पोरीला शिकवलं. काशीला आत घे, असं मला एकदाही सुचलं नाही. साहेबांनी नको म्हटलं असतं की नाही, कोण जाणे. मी विचारलंच नाही तर त्यांना दोष कसा देऊ? पुढे मानेमुळे तिचं लग्न उशिरा झालं, खर्डीला, बिजवराशी. तिनं संसार नीट केला. माझ्याशी भांडली नाही. न भांडणाऱ्या माणसाचं ओझं जास्त असतं.

आता धसईच्या शाळेत नवीन मॅडम आल्या आहेत. त्यांनी मऊ चेंडूंची पेटी आणली, लाल, केशरी, हिरवे, आणि लहान जाळ्या. लहानांना लाल, मग केशरी, मग हिरवा, असं त्या गावकऱ्यांना समजावत होत्या. बाप्ये मागे उभे राहून हसत होते, 'मॅडम, डायरेक मोठा चेंडू द्या ना, पोरं काय कच्ची हायत का?' मी पुढे जाऊन म्हणाले, 'तुमच्या बायकोनं पोरीला डायरेक हंडा दिला तर चालंल का रे?' मॅडमनी विचारलं, 'आजी, तुम्हाला टेनिस कसं माहीत?' मी म्हणाले, 'मी सारवायची.' शाळेला टोपलीभर धोपाटणी मी करून दिली. तेव्हापासून शाळेचं अंगण मी सारवून देते, आणि लाल रेघा ओढते. पेज घालूनच.

गेल्या महिन्यात काशी खर्डीहून आली होती. सत्तरीला टेकली आहे, मान आता आणखी कलली आहे. मी तिला शाळेवर घेऊन गेले. ती पायरीवर बसून पोरं बघत होती. चेंडू जाळीवरून जात होता, येत होता, मॅडम मोजत होत्या. मग ती म्हणाली, 'तेव्हा मला नाय बोलावलंस गो कधी.'

'नाय.'

'का?'

खोटं बोलता आलं असतं. साहेब नको म्हणाले, मार्कर नको म्हणाला. दोघंही कधीच मेले. 'सुचलं नाय,' मी म्हणाले.

ती हसली की काय मला कळलं नाही, तिचं तोंड पलीकडे होतं. 'मंग आता सुचलं का?'

'आता सुचलं.'

काशी गुडघ्यावर हात टेकून उठली. मी हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला. टोपलीतलं सगळ्यात आखूड धोपाटणं शोधून घेतलं, पदर कमरेला खोचला आणि पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. एक पोरगी तिला म्हणाली, 'आजी, तुमचा नंबर माझ्यानंतर.' काशी म्हणाली, 'ठाव हाय. मी बसलीये बरीच वर्सं.' तिचा नंबर आला तेव्हा तिनं रेघेकडे पाहिलं आणि मला विचारलं, 'माजी कुठची?'

'लाल,' मी म्हणाले, आणि टोपलीतला मऊ चेंडू घेतला.